काखेत कळसा, पाठीला शिदोरी

'प्रॉडक्ट-मार्केट फिट' हा शब्द हल्ली इतका गुळगुळीत झालाय की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कानावर पडतो. कुणाचा तरी भाचा नोकरी सोडून स्टार्टअप काढतो. "काय रे, कसं चाललंय?" विचारलं की उत्तर येतं, "अजून पीएमएफ शोधतोय." मामाला वाटतं पीएमएफ म्हणजे पीपीएफचाच कुठला तरी नवा भाऊ असेल, निदान व्याज तरी मिळेल!

सरळ मराठीत सांगायचं तर तुम्ही बनवलेली वस्तू आणि ती वस्तू खरोखर हवी असलेली माणसं यांची गाठ पडणं, म्हणजे पीएमएफ. मार्क अँड्रीसननं जून २००७ मध्ये लिहिलेल्या एका लेखामुळे हा शब्दप्रयोग सगळीकडे पोचला. त्याचं श्रेय त्यानं स्वतः अँडी रॅक्लेफला दिलं होतं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की गाठ पडलेली नसली तर ते जाणवतं, आणि पडली असली तर तेही जाणवतंच. मोजपट्टी लावत बसावं लागत नाही.

आता या गाठ पडण्याच्या ज्या गोष्टी आपल्याला सांगितल्या जातात, त्यांचा एक ठरलेला साचा आहे. संस्थापकाला एक स्वप्न पडतं. लोक हसतात. तो वर्षानुवर्षं टक्केटोणपे खातो, पण हटत नाही. शेवटी जगाला त्याचं म्हणणं पटतं आणि आपण टाळ्या वाजवतो. तात्पर्य काय, तर चिकाटी सोडू नका.

मला हे तात्पर्य पटत नाही. नुसतं पटत नाही एवढंच नाही, तर ते धोक्याचं वाटतं. का, ते तीन उदाहरणांवरून सांगतो.

पहिलं उदाहरण स्टुअर्ट बटरफील्डचं. हा माणूस मुळात गेम बनवायला निघालेला. २००२ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये त्यानं आणि कॅटरिना फेकनं लुडिकॉर्प नावाची कंपनी काढली आणि 'गेम नेव्हरएंडिंग' नावाचा ऑनलाइन गेम करायला घेतला. गेम काही चालला नाही. पण त्या कामातूनच फोटो शेअर करायची जी सोय निघाली, तिचं फेब्रुवारी २००४ मध्ये फ्लिकर झालं. २००५ मध्ये याहूनं ते विकत घेतलं. झालं ना भलं? पण गेमचा किडा काही जाईना. २००९ मध्ये साहेबांनी पुन्हा नवीन कंपनी काढली, टायनी स्पेक, आणि पुन्हा एक ऑनलाइन गेम! नाव 'ग्लिच'. मारामारी नसलेला, अकरा महाकाय जीवांच्या कल्पनेत वसलेल्या जगाचा, दिसायला अतिशय गोड असा गेम. सप्टेंबर २०११ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला, नोव्हेंबरमध्ये परत बीटामध्ये गेला आणि ९ डिसेंबर २०१२ ला कायमचा बंद झाला. तो फ्लॅशवर बांधलेला होता, आणि जग तेव्हा मोबाईलकडे पळत होतं. शिवाय जे थोडे लोक प्रेमात पडले ते पडले, बाकीचे काही मिनिटांत निघून जायचे.

गेम बनवणारी टीम मात्र वेगवेगळ्या शहरांत विखुरलेली होती. आपसात बोलायला त्यांनी आयआरसी वापरलं. ही १९८८ पासूनची जुनी चॅट पद्धत. तिच्यात जुने संदेश राहत नाहीत, म्हणून ते साठवायची सोय केली. साठवलं की शोधावं लागतं, म्हणून शोधायची सोय केली. मग फाइली टाकायची सोय. कुणी बसून आराखडा केलेला नव्हता. जिथे खुपलं तिथे ठिगळ लावलं, एवढंच. गेम बंद करताना त्यांच्या लक्षात आलं की पुढे काहीही काम केलं तरी या ठिगळांशिवाय आपलं पान हलणार नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी ते स्लॅक या नावानं लोकांना दाखवलं, तर पहिल्याच दिवशी आठ हजार जणांनी मागणी नोंदवली. २०२१ मध्ये सेल्सफोर्सनं स्लॅक सुमारे २,७७० कोटी डॉलरना घेतलं.

दुसरं उदाहरण सेगमेंटचं. एमआयटीतली काही मुलं आणि त्यांचा एक डिझायनर मित्र २०११ मध्ये एकत्र आले. कल्पना अशी, की तास चालू असताना विद्यार्थ्यानं लॅपटॉपवर एक बटण दाबून "कळलं नाही" असं सांगायचं आणि प्राध्यापकांना ते समोर दिसायचं. कल्पना ऐकायला झकास. प्रत्यक्ष वर्गात जाऊन पाहिलं तर लॅपटॉप उघडल्यावर पोरं फेसबुकवर! (आपल्याकडे वेगळं काय झालं असतं म्हणा.) ते सोडून त्यांनी वेबसाइटवरच्या वापराचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर करायला घेतलं. वर्षभर घासली, गिऱ्हाईक नाही. या सगळ्या खटाटोपात त्यांच्याकडे एक छोटासा कोड तयार झाला होता. तो वेबसाइटवर एकदा बसवला की तीच माहिती गूगल ॲनालिटिक्सला, मिक्सपॅनेलला, ज्याला हवी त्याला पाठवता यायची. त्यांच्यातल्याच एकाचं म्हणणं पडलं की हेच आपलं प्रॉडक्ट. पीटर राइनहार्टला ही कल्पना अगदीच टाकाऊ वाटली. तिचा एकदाचा निकाल लागावा म्हणून त्यानंच सुचवलं की एक पान बनवून लोकांपुढे टाकू या. हे डिसेंबर २०१२ मध्ये. निकाल लागला, पण उलटा. लोक तुटून पडले. २०२० मध्ये ट्विलिओनं ही कंपनी सुमारे ३२० कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं.

तिसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर. शिक्षण दहावी. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं आणि १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. धंदा कुठला, तर कॉम्प्युटर दुरुस्तीचा. तो फ्लॉपीचा जमाना. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फ्लॉपी जायची आणि तिच्याबरोबर व्हायरसही. मायकेलअँजेलोसारखे व्हायरस फ्लॉपीच्या आणि डिस्कच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, दडून बसायचे. मशीन सुरू करताना तशी फ्लॉपी आत राहिली की लागण झालीच. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये अशी आजारी मशीनं पुष्कळ. धाकटे बंधू संजय पुण्यातच कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी ती साफ करायला प्रोग्राम लिहिले. १९९५ मध्ये त्याचं प्रॉडक्ट झालं, क्विक हील. पुढे हेच नाव इतकं मोठं झालं की २००७ मध्ये कंपनीनंही तेच घेतलं. २०१० मध्ये सिकोया कॅपिटलनं ६० कोटी रुपये गुंतवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली.

आता या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. जे शेवटी चाललं ते कुणाच्याच स्वप्नात नव्हतं. ते कामाच्या टेबलावर होतं! काम उरकायला म्हणून केलेलं अवजार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

मग हुशार माणसांना ते वेळेवर दिसत का नाही? याचं कारण आपल्या इंजिनिअर जमातीच्या स्वभावात आहे, असं माझं मत आहे. आपण वस्तूची किंमत तिला लागलेल्या कष्टांवर ठरवतो. जे लिहायला वर्ष लागलं, ज्यासाठी रात्री जागवल्या, ज्याच्या आर्किटेक्चरची आकृती भिंतीवर लावलीय, ते मौल्यवान. आणि जे एका दुपारी वैतागून खरडलं ते किरकोळ. गिऱ्हाईक मात्र तुमचे कष्ट मोजत नाही, स्वतःची कटकट मोजतं. त्याची रोजची अर्ध्या तासाची कटकट तुमच्या दीडशे ओळींनी जात असेल तर त्याच्या दृष्टीनं त्या दीडशे ओळीच सोनं. बाकीच्या पन्नास हजार ओळी तुम्हालाच लखलाभ.

दुसरं कारण म्हणजे अवजाराला नाव नसतं, लोगो नसतो, त्याच्यावर स्लाइड नसते. गुंतवणूकदारापुढे उभं राहून "आम्ही जग बदलणार" असं म्हणायला ते उपयोगी पडत नाही. "आमच्याकडे एक बरी स्क्रिप्ट आहे" असं सांगून कोण पैसे देणार?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग एवढा वळसा घालायचाच कशाला? पहिल्या दिवशीच काखेत बघावं ना! पण तसं होत नाही. म्हणींमधलं शहाणपण नेहमी मागून आलेलं असतं. चार वर्षं गेम बनवताना विखुरलेल्या टीमचं बोलणं कुठे अडतं हे बटरफील्डच्या लोकांना रोज सोसावं लागलं, म्हणून त्यांना ठिगळं नेमकी कुठे लावायची ते कळलं. सेगमेंटच्या मुलांनी वर्षभर विश्लेषणाचं सॉफ्टवेअर विकायचा प्रयत्न केला, म्हणून 'आणखी एक कोड वेबसाइटवर बसवा' हे ऐकून लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात हे त्यांना समजलं. काटकरांच्या दुकानात आजारी मशीनं रांगेनं येत होती, म्हणून कुठला व्हायरस गावात फिरतोय आणि गिऱ्हाइकाचं नेमकं काय अडलंय हे तिथे आपोआप कळायचं. वळसा हीच शाळा होती. तो चुकवता येत नाही.

पण शाळेला फी असते, आणि ती कोण भरतो हा खरा मुद्दा आहे. चिकाटीच्या गोष्टी सांगणारे इथे हळूच विषय बदलतात.

काटकरांची फी दुरुस्तीच्या धंद्यानं भरली. एक भाऊ दुकान सांभाळतोय, दुसरा कोड लिहितोय. दुकानातून रोज चार पैसे येत होते, म्हणून प्रॉडक्टला वेळ देता आला. आपल्याकडे 'सर्व्हिसवाले' म्हणून नाक मुरडायची पद्धत आहे. पण लोकांची कामं करून देणं ही बाजार समजून घ्यायची अशी शाळा आहे जिथे फी भरायच्या ऐवजी उलट विद्यावेतन मिळतं! यातही खड्डा आहेच. कामं इतकी येतात की प्रॉडक्ट कायम पुढच्या महिन्यावर जातं आणि दहा वर्षांनी तुमच्याकडे एक बऱ्यापैकी चालणारी सर्व्हिस कंपनी असते. म्हणून दोघांची वाटणी महत्त्वाची. एकानं दोन्ही करायचं म्हटलं की कोड लिहिणाराच दुकानात बसतो.

बटरफील्डची फी गुंतवणूकदारांनी भरली. पण त्याच्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग मला स्लॅकचा वाटत नाही. ग्लिच बंद केला तेव्हा कंपनीच्या खात्यात सुमारे ५० लाख डॉलर शिल्लक होते, हा भाग मला मोलाचा वाटतो. म्हणजे अजून चालवता आला असता. आणखी एक जाहिरात, आणखी एक नवी आवृत्ती, आणखी सहा महिने.. कुणी नावं ठेवली नसती, उलट चिकाटीचं कौतुकच झालं असतं. पण तो थांबला. बहुतेक सहकाऱ्यांना निरोप द्यावा लागला आणि त्यांना दुसरीकडे नोकऱ्या मिळाव्यात म्हणून कंपनीनं खटपट केली. गुंतवणूकदारांपुढे उरलेले पैसे परत करायची तयारी दाखवली, ते म्हणाले राहू द्या, दुसरं काहीतरी करा. त्या उरलेल्या पैशांवर स्लॅक उभं राहिलं. समजा तो खरोखरच शेवटपर्यंत 'हटला नसता', तर? अवजार तेच, माणसं तीच, पण ते वापरून पुढे जायला खिशात दमडी नसती. मग आज त्याचं नाव ऐकायला मिळालं असतं ते फक्त फ्लिकरमुळे.

म्हणून माझं म्हणणं असं: फिट बहुतेक वेळा तुमच्या काखेतच असतं, पण ते दिसण्यासाठी आधी थांबावं लागतं, आणि थांबल्यावर उपयोग व्हायचा असेल तर शिदोरी शिल्लक असताना थांबावं लागतं. चिकाटी हवीच, नाही कोण म्हणतंय? पण ती धंदा जिवंत ठेवण्याची हवी. एकाच प्रॉडक्टला कवटाळून बसणं म्हणजे चिकाटी नव्हे, तो हट्ट.

हे सगळं मला हवेत लिहायचं नाहीये. माझा एक जुना मित्र (नाव सांगत नाही, तो वाचतो इथे) चार वर्षांपासून शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतोय. पालकांसाठी ॲप, त्यात गृहपाठ, फी, बस कुठे आलीय वगैरे सगळं. काम उत्तम. शाळा जूनमध्ये घेतात, आणि दिवाळीपर्यंत पालक पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्क्रीन मात्र रोज वापरला जातो. जनरल रजिस्टरमधून शाळा सोडल्याचा दाखला छापून देणारा. एका मुख्याध्यापकांनी हट्ट धरला म्हणून त्यानं तो दोन दिवसांत करून दिलेला. आता दाखल्याचा समास जरा हलला तरी ऑफिसमधल्या भाऊंचा दहा मिनिटांत फोन येतो, "सर, तुमचं बाकीचं राहू द्या हो, पण दाखला बंद पडू देऊ नका."

मी त्याला म्हटलं, "अरे, ॲप आठवडाभर बंद होतं तेव्हा किती फोन आले?"

म्हणाला, "एकही नाही."

मग दोघंही जरा वेळ गप्प बसलो. नंतर तो हसून म्हणाला, "दाखले छापायची कंपनी काढू का आता? वडिलांना काय सांगू?"

त्याच्या या प्रश्नात सगळं आलं. कंपनीत त्याच्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतला काही भाग आहे. अजून सात महिने पुरेल एवढी शिदोरी उरलीय. तिकडच्या संस्थापकाचे पैसे बुडाले तर गुंतवणूकदाराच्या वहीत एक ओळ खोडली जाते. इथे बुडाले तर घरातल्या जेवणाच्या टेबलावर रोज समोरासमोर बसायचं असतं. म्हणून अमेरिकेतली चिकाटीची भाषणं जशीच्या तशी आपल्या पोरांना ऐकवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

दाखल्यात मोठा धंदा आहे असा माझा दावा नाही. कदाचित नसेलही. शाळेच्या ऑफिसात जी वीस प्रकारची कागदपत्रं लागतात त्यांत काही असू शकेल, किंवा तिथेही काही नसेल. ज्यांच्या काखेत कळसा होता त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात, बाकीच्यांच्या पोचत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. मी त्याला एवढंच सुचवलं की सात महिने ॲपवर खर्च करून मग विचार करण्याऐवजी तीन महिन्यांनंतरची एक तारीख आजच लिहून ठेव. वडिलांनाही ती दाखव. त्या तारखेपर्यंत चार शाळांच्या ऑफिसात रोज जाऊन बस, विकायला नको, बघायला. भाऊ लोक हातानं काय लिहितात, कुठे वैतागतात, तुझ्याकडून न सांगता काय उचलतात ते वहीत टिपून ठेव. तारखेला त्या वहीत काही नसेल तर उरलेल्या चार महिन्यांचे पैसे घेऊन बाहेर पड. ते पैसे म्हणजे पुढच्या खेपेची शिदोरी, किंवा वडिलांना परत द्यायची रक्कम. दोन्हीही चांगलेच उपयोग आहेत. त्यानं अजून ठरवलेलं नाही, आणि ठरवायचं त्यालाच आहे.

पण एक गोष्ट मी कुणालाही, स्टार्टअप असो वा नसो, करून बघायला सांगेन. आपण बनवलेल्यांपैकी कुठली वस्तू लोक न विचारता उचलतात? कुठली बंद पडली की लगेच फोन येतो, आणि कुठली महिनाभर बंद असली तरी कुणाच्या लक्षात येत नाही? हे दोन प्रश्न एका कागदावर लिहायचे आणि खरी उत्तरं द्यायची. त्यासाठी कुठलं डॅशबोर्ड लागत नाही. फोनमधली कॉलची यादी पुरते.

असो. शनिवार-रविवारचा वेळ संपत आला, उद्या सकाळी परत स्टँडअप आहे. तुमच्या मशीनमध्ये अशी एखादी खरडलेली स्क्रिप्ट आहे का, जी शेजारच्या टीमनं तुम्हाला न विचारता वापरायला घेतली? असली तर जरूर कळवा, वाचायला आवडेल.